चित्र पाहायला कुठे जायचे?

आमच्या उर्दू शाळेची सहल औंधला गेली होती. यमाईच्या मूळपीठाचा डोंगर निम्मा चढला की श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागते. मुले दालनांतून हिंडत होती, काही पुतळ्यांपाशी खुदखुदत होती. सातवीतली एक मुलगी मात्र चित्रांपुढून हलेना. बऱ्याच वेळाने तिने मला विचारले, "टीचर, ये चित्रां निकालनेवालों में का कोई जिंदा है क्या?" मी नाही म्हणाले. ती गप्प झाली. परतीच्या वाटेवर म्हसवड येईपर्यंत तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

औंधची थोरवी मला कमी करायची नाही. ७२ गावांचे ते संस्थान. बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) स्वतः चित्रकार होते आणि सत्तरीत असताना, १९३८ साली, त्यांनी हे संग्रहालय उभे केले. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे, धुरंधरांची चित्रे, बंगाल शैली, जुनी लघुचित्रे असे पुष्कळ तिथे आहे. हेन्री मूरचे 'आई व मूल' हे शिल्पही आहे. पाहणारे त्या शिल्पापाशी थांबतात ते बहुधा त्याच्या किमतीची चर्चा करायला. मला त्यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. संग्रहालय उघडले त्या वर्षी मूर चाळीस वर्षांचा होता. धुरंधरही हयात होते, ते १९४४ साली गेले. म्हणजे औंधच्या राजाला जुन्या वस्तूंइतकेच आपल्या काळाचेही आकर्षण होते. आज आपण ज्याला इतिहास म्हणून पाहतो, त्यातले बरेच काही त्याच्या लेखी 'आजचे' होते.

हा धागा पुढे तुटला. संस्थान विलीन झाले, राजे गेले, आणि संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. नावातच 'पुरातत्त्व' आहे. जे आहे ते जपणे हे त्या खात्याचे काम. माणदेशातला तिशीतला एखादा चित्रकार शोधून त्याचे काम भिंतीवर लावणे हे त्याचे काम नाही, म्हणून त्याला दोष देता येत नाही. प्रश्न असा आहे की मग ते काम कोणाचे?

गंमत पाहा, त्याच औंधमध्ये गाणे मात्र थांबलेले नाही. भुर्जी खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे शिकलेल्या गजाननबुवा जोशींनी १९४० साली तिथे संगीत महोत्सव सुरू केला. गायक समोर बसून गातो, ऐकणाऱ्या पोराला कळते की गाणारा माणूस आपल्यासारखाच हाडामांसाचा आहे. चित्रकाराला असे कुणी पाहतच नाही.

कोल्हापूरकडे वळले की आबालाल रहिमान आठवतात. आपल्या समाजात हे नाव किती घरांत माहीत आहे, ठाऊक नाही. त्यांचे वडील कुरआनशरीफच्या प्रती लिहीत. मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, व्हाइसरॉयचे पदक मिळवून परतला आणि शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार झाला. कोटीतीर्थ, रंकाळा, तिथले पाणी आणि झाडे यांत तो रमला. १९२२ साली महाराज गेल्यावर त्यांनी आपली असंख्य चित्रे पाण्यात टाकून दिली असे सांगतात. यात किती खरे, किती लोकांनी घातलेली भर, देव जाणे. पण १९३१ साली हा माणूस गेला तो विपन्नावस्थेत. महाराजांच्या दर्दीपणाचे आपण गोडवे गातो, गायलाही हवेत. तरी एका माणसाच्या मर्जीवर उभा असलेला आश्रय त्या माणसाबरोबरच संपतो, हे आबालालांच्या आयुष्यातून नको इतके स्पष्ट दिसते. आज त्यांची चित्रे टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. कोल्हापूरला शाहू स्मारक भवनाचे कलादालनही आहे, तिथे हयात चित्रकारांची प्रदर्शने भरतात. पण कोल्हापूर म्हसवडच्या पोराला जवळ नाही.

दुसऱ्या दिशेने पाहावे तर सातारा-पंढरपूर रस्ता आमच्या गावातूनच जातो. या रस्त्याच्या शेवटी, पंढरपुरात, १९१५ साली मकबूल फिदा हुसेन जन्मले. मला त्यांची सगळीच चित्रे आवडतात असे नाही, शेवटी शेवटी तर घोडे फारच झाले. पण खटले आणि धमक्या यांच्यामुळे २००६ पासून ते देशाबाहेर राहिले, २०१० साली कतारचे नागरिक झाले आणि २०११ साली लंडनमध्ये वारले. २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले ते दोह्यात, 'लौह व कलम' या नावाने. लौह आणि कलम हे शब्द आमच्या मुलांना ओळखीचे आहेत. ते पाहायला त्यांनी दोह्याला जायचे?

आमच्या शाळांत चित्रकला नाही असे नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांना मुले बसतात, कारण दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात. त्यामुळे संकल्पचित्र घोटले जाते, स्थिरचित्र घोटले जाते. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळवणाऱ्या मुलाने चित्रकाराच्या हातचे एकही मूळ चित्र पाहिलेले नसते, आणि याचे कुणालाच काही वाटत नाही. कॅलेंडरवरचे छापील चित्र म्हणजेच चित्र. रंगाचा थर, कुंचल्याचा फटका, चुकलेली आणि पुन्हा झाकलेली रेघ हे छपाईत दिसत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत महाराष्ट्राने शहाणपणा केला. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. 'अ' पासून 'ड' पर्यंत वर्ग ठरले, वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागले, म्हणून खेड्यातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयातही दिवाळी अंक येतो. चित्रासाठी असा कायदा आपण केला नाही. मोठ्या इमारतीची मागणी मी करीत नाही. तालुक्याच्या वाचनालयाला जोडून एक खोली, पांढऱ्या भिंती, बरा उजेड, दर तीन महिन्यांनी बदलणारी चित्रे, आणि चित्रकाराने आठवडाभर येऊन मुलांसमोर काम करावे म्हणून मानधन. एवढ्याने भागेल. अशी खोली झालीच तर तिला कुणा पुढाऱ्याचे नाव मिळेल आणि ती बैठकांना वापरली जाईल, ही भीती मलाही आहे. वाचनालयांचेही काही ठिकाणी तेच झाले, तरी पुस्तके वाचली गेलीच.

आता आपल्या घरातली गोष्ट. अशी खोली झाली तरी आपली मुले तिथे येतील का? तस्वीर जायज की नाजायज, या वादात मी शिरत नाही, तो माझा अधिकार नाही. एवढेच म्हणते की निकाहात मोबाइलवर शेकडो फोटो काढणारे घर मुलीच्या वहीतल्या चेहऱ्यावर मात्र बोट ठेवते. ज्यांना सजीवाचे चित्र नको वाटते त्यांनाही आबालालांचे पाणी, झाड, ऊन पाहायला हरकत नसावी. कातिबांची खुशखती तर आपलीच. उर्दूची कित्येक पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या कातिबांनी हाताने लिहिली, मग संगणक आला आणि ते हात रिकामे झाले. त्या अक्षरांचे प्रदर्शन आपणही कधी भरवले नाही. शासनाकडे बोट दाखवताना हे लक्षात ठेवावे लागते.

त्या मुलीने सहलीनंतर राजेवाडीच्या तलावाचे चित्र काढले. पाणी आटलेले, भेगा पडलेली जमीन, आणि लांबवर मेंढ्यांचे ठिपके. ते घरी नको म्हणून माझ्या शाळेतल्या कपाटात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला टाऊन हॉलमधले आबालाल दाखवायला न्यायचे ठरवले आहे. तिच्या अब्बांनाही सोबत चला म्हटले. ते अजून हो म्हणालेले नाहीत.