सही, संख्या आणि दृष्टी

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका परिचित कुटुंबाकडे अलीकडेच आमचे जाणे झाले. दिवाणखान्याच्या भिंतीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे एक मुद्राचित्र नव्याने लागले होते. पाहता पाहता त्या पट्ट्यांवर लाट चढल्यासारखी वाटू लागली. इतक्यात "फादर, आधी इथे पाहा," असे म्हणत यजमानांनी चित्राखालचा समास दाखवला. तेथे शिसपेन्सिलीने डावीकडे ४०/७५ असा आकडा होता आणि उजवीकडे चित्रकाराची सही. मग त्यांनी किंमत सांगितली. कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या मातोश्री एवढेच म्हणाल्या, "मला बाई ते बघितलं की गरगरतं." चित्राविषयी त्या घरात झालेले बोलणे एवढेच. राहून गेलेले बोलणे येथे पुरे करावे, असा आमचा हेतू आहे.

या शैलीला 'ऑप आर्ट' म्हणतात. १९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या 'द रिस्पॉन्सिव्ह आय' या प्रदर्शनाने ती जगभर पोचली. हंगेरीत जन्मून फ्रान्समध्ये स्थायिक झालेले व्हिक्टर वासारेली (१९०६–१९९७) आणि लंडनमध्ये जन्मलेल्या ब्रिजेट रायली हे तिचे दोन प्रमुख कलावंत. रायली यांच्या 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' (१९६१) या चित्रात काळ्यापांढऱ्या चौकोनांची उंची कायम राहते. रुंदी मात्र एका रेषेकडे क्रमाने आक्रसत जाते. तेवढ्याने सपाट पृष्ठभाग घडी पडल्यासारखा आत वळतो. कागद जागचा हलत नाही. आपला डोळा क्षणभरही पूर्ण स्थिर राहू शकत नाही, म्हणून चित्र हलते. अर्थात चित्राचा अर्धा भाग कागदावर असतो आणि उरलेला अर्धा पाहणाऱ्याने पुरा करावयाचा असतो.

अशा चित्राला कडा धारदार आणि रंग सपाट लागतो. म्हणून या कलावंतांना स्क्रीन प्रिंटिंग जवळचे वाटले. चौकटीवर ताणलेली जाळी, नको तो भाग बंद करणारा साचा आणि शाई पलीकडे दाबणारी रबरी पट्टी: लग्नपत्रिका छापणाऱ्या आपल्या कारागिरांना ही रीत परिचयाची आहे. प्रत्येक रंगासाठी सामान्यतः वेगळी स्क्रीन लागते, आणि एका रंगाची जुळणी केसभर चुकली तरी सारा परिणाम ढासळतो.

येथेच संख्येचा प्रश्न उभा राहतो. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरलेली रेघ काही डझन प्रतींतच झिजू लागते. तेथे मर्यादा धातूच घालतो. स्क्रीन इतक्या लवकर थकत नाही. पंच्याहत्तरावर थांबायचे, हे तेथे माणूस ठरवतो. म्हणून ४०/७५ हा आकडा गुणवत्तेचा दाखला नव्हे, आणि चाळीसावी प्रत पहिलीहून कमअस्सलही नव्हे. तो आकडा हे एक वचन आहे: यापुढे आम्ही छापणार नाही. सही ही त्या वचनाची साक्ष.

आपल्या भागाने दुर्मिळतेची निराळी रूपे पाहिली आहेत. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील शिळाछापाच्या चित्रांना क्रमांक नव्हता. ती जितक्या घरांत जातील तितके बरे, हाच हेतू होता. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 'कल्याण खजिना' (१९२४) या आपल्या चित्रपटासाठी भित्तिपत्रक केले, तेही भिंतीवर चिकटवून ऊनपावसात संपून जाण्यासाठीच. आज अशा कागदांना मोल आले ते ते नष्ट होत गेले म्हणून. ती दुर्मिळता काळाने आणली. ऑप आर्टच्या मुद्राचित्रांची दुर्मिळता मात्र आधीच ठरवलेली असते.

वासारेली यांचे स्वप्न रविवर्म्यांच्या छापखान्याशी नाते सांगणारे होते. एकमेव मूळ चित्राचा मान त्यांना कालबाह्य वाटे. कला अनेक प्रतींतून सर्वांपर्यंत जावी, असे ते म्हणत. तरीही त्यांच्या मुद्राचित्रांवर सही आली, क्रमांक आला आणि बाजार आला. हा विरोध आम्हाला खटकतो. थोड्या प्रती काळजीपूर्वक काढल्याने काम नेटके होते आणि कलावंताच्या हाती चार पैसे पडतात, हे आम्ही जाणतो. परंतु सहीलाच माल मानले की काय होते, हे साल्वादोर दाली यांनी दाखवले: कोऱ्या कागदांवर सह्या झाल्या आणि चित्रे मागाहून यायची होती. ज्याला साक्ष द्यायची तेच नसताना दिलेली ती साक्ष होती.

म्हणून संग्राहकाने आधी विचारावे, हे चित्र छापासाठीच जन्मले काय? रायली यांची 'फ्रॅगमेंट्स' (१९६५) ही सात चित्रे पारदर्शक प्लास्टिकवर छापण्यासाठीच रचलेली होती. तेथे छाप हीच मूळ कृती आहे. रंगचित्राचा फोटो काढून त्याच्या प्रतींवर सही घेणे ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्या बिंदुचित्रांचे सही-क्रमांकाचे स्क्रीन-छाप संग्राहकांकडे आहेत. रझा ऑप आर्टचे नव्हेत, पण तेथेही हाच प्रश्न विचारावा.

वचन एकतर्फी नसते. कलावंताने थांबण्याचे वचन पाळले, तर संग्राहकानेही जपणुकीचे पाळावे. चौकटीत बसावे म्हणून समास कापू नये. थेट ऊन लागू देऊ नये. काच कागदाला टेकू देऊ नये. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल धरून तेथे बुरशी येते. सपाट काळ्या रंगावर बोटाचा ठसाही उठून दिसतो. आणि या सर्वांहून मोठे कर्तव्य म्हणजे पाहणे. भाव वाढेल या आशेने कपाटात बंद ठेवलेले ऑप आर्टचे चित्र अर्धेच उरते, कारण त्याचा दुसरा अर्धा भाग पुरा करणारा डोळाच तेथे नसतो.

आपल्या अंगणातील ठिपक्यांची रांगोळीही मोजून मांडलेल्या ठिपक्यांवरच उभी असते. तिच्यावर सही नसते, आणि दुसऱ्या सकाळी ती पुसली जाते. तरी तिची किंमत कोणी शून्य म्हणत नाही, कारण ती पाहिली गेलेली असते.

त्या दिवाणखान्यात सही यजमानांनी पाहिली, आकडाही त्यांनीच पाहिला. चित्र मात्र त्यांच्या मातोश्रींनी पाहिले होते. निरोप घेताना आम्ही यजमानांना एवढेच सुचवले, की रोज पाच मिनिटे आईशेजारी बसून ते आपणही पाहावे.