बहुपरिसर खासगी विद्यापीठ : संकल्पना, कायदा आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील विद्यार्थी

प्रास्ताविक

उच्च शिक्षणाच्या खासगीकरणाविषयीची मराठीतील चर्चा बहुधा दोन टोकांना बांधलेली असते. एका टोकाला शिक्षणसम्राटांवरील टीका असते, तर दुसऱ्या टोकाला गुणवत्ता आणि स्वायत्तता यांचा जयघोष. या दोन्ही भूमिकांत विद्यापीठ या संस्थेच्या बदलत गेलेल्या रूपाचा विचार मागे पडतो. एक नाव, एक पदवी, एक व्यवस्थापन आणि चार-सहा शहरांत विखुरलेले परिसर, असे बहुपरिसर खासगी विद्यापीठाचे रूप गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात स्थिरावले आहे. व्यवस्थापन, विधी, औषधनिर्माण, माहिती तंत्रज्ञान या शाखांत पदवीनंतर काय करावे, असा प्रश्न पडलेल्या विद्यार्थ्यासमोर हे रूप आज अपरिहार्यपणे उभे राहते. त्याचे मूल्यमापन संस्थेच्या माहितीपत्रकावरून करण्याची पद्धत आहे. येथे ते कल्याणच्या पुढे कर्जत मार्गावर वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील विद्यार्थ्याच्या बाजूने केले आहे.

संकल्पनेची वाटचाल

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या अधिनियमातील कलम 3 हे मुळात विशेष संशोधनकार्य करणाऱ्या संस्थांसाठी होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला 1958 मध्ये आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला 1964 मध्ये या कलमान्वये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या संस्थांचे काम आधी उभे राहिले आणि दर्जा नंतर आला. महाराष्ट्रात 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. त्यातून संस्थाचालकांचा जो वर्ग बलवान झाला, त्याला पुढे संलग्नतेचे जोखड नकोसे वाटू लागले. भारती विद्यापीठ 1996 मध्ये, सिंबायोसिस 2002 मध्ये आणि नरसी मोनजी व्यवस्थापन अभ्यास संस्था 2003 मध्ये अभिमत विद्यापीठे झाली. यांपैकी सिंबायोसिसने पुण्याबाहेर नाशिक, नोएडा, बंगळूर, हैदराबाद व नागपूर येथे, तर नरसी मोनजीने शिरपूरपासून चंडीगडपर्यंत परिसर उभारले.

दुसरी वाट राज्य विधिमंडळाच्या कायद्याची. छत्तीसगडने 2002 मध्ये केलेल्या कायद्याखाली अल्पावधीत शंभरांहून अधिक विद्यापीठे कागदोपत्री निर्माण झाली. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2005 मध्ये त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द केल्या. विद्यापीठ म्हणजे इमारती, अध्यापक, ग्रंथालय आणि अध्ययन, नुसता पदवी देण्याचा परवाना नव्हे, हा त्या निकालाचा आशय आजही वाचण्यासारखा आहे. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाने राज्याच्या सीमेतच राहावे, हे आयोगाच्या 2003 च्या विनियमांतील बंधनही त्यामुळे दृढ झाले. महाराष्ट्राने हा मार्ग तुलनेने उशिरा, 2014 नंतर, प्रत्येक विद्यापीठासाठी स्वतंत्र कायदा करून स्वीकारला.

अभिमत दर्जाच्या वाटपाबाबतची शंका सरकारलाही होती. केंद्राने नेमलेल्या टंडन समितीने 2009 मध्ये 126 अभिमत विद्यापीठांची पाहणी करून त्यांपैकी 44 संस्था या दर्जास पात्र नसल्याचे मत दिले. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा संस्थांना नावापुढे विद्यापीठ हा शब्द न लावण्याची सूचना आयोगाने दिली. एका शब्दासाठी एवढा खटाटोप का व्हावा, असे वाटू शकते. परंतु पालक दूरवरच्या परिसराची पारख करतो ती त्याच शब्दावरून.

उल्हासनगरचे उदाहरण

बहुपरिसर ही कल्पना या भागाला परकी नाही, हे विसरता येत नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि 1949 मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्याच वर्षी हैदराबाद (सिंध) येथील नॅशनल कॉलेजचे प्राचार्य खुशीराम कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी हैदराबाद सिंध नॅशनल कॉलेजिएट बोर्ड मुंबईत उभा केला. गमावलेल्या गावातील महाविद्यालय नव्या शहरात पुन्हा उभारण्याचा तो प्रयत्न होता. वांद्र्याचे नॅशनल, चर्चगेटचे के. सी. व एच. आर. आणि 1965 पासून उल्हासनगरचे चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय, अशी ही मालिका वाढली. एका विश्वस्त मंडळाची अनेक ठिकाणची महाविद्यालये, पण पदवी मुंबई विद्यापीठाची, असे तिचे स्वरूप होते. म्हणजे परिसर अनेक होते, केवळ विद्यापीठ त्यांचे स्वतःचे नव्हते.

विद्यापीठ आले ते 2020 मध्ये. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 खाली एच.एस.एन.सी. विद्यापीठ स्थापन झाले. कायद्याने ते खासगी नव्हे, तर समूह स्वरूपाचे सार्वजनिक विद्यापीठ आहे, हा भेद महत्त्वाचा आहे. मात्र स्थापनेच्या वेळी त्यात समाविष्ट झालेली तिन्ही महाविद्यालये, के. सी., एच. आर. आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज, दक्षिण मुंबईतील होती. निर्वासितांची सर्वांत मोठी वसाहत असलेल्या उल्हासनगरचे महाविद्यालय त्या तिघांत नव्हते. याला कोणाचा दोष म्हणण्याचे कारण नाही. समूह विद्यापीठासाठी महाविद्यालये परस्परांजवळ असणे सोयीचे, हे प्रशासकीयदृष्ट्या समर्थनीय आहे. तथापि, विद्यापीठाचा दर्जा ज्या दिशेला सरकतो ती दिशा या उदाहरणात स्पष्ट दिसते. परिसर उपनगरांकडे पसरतात, दर्जा मात्र शहराच्या मध्याकडे राहतो.

परिसर आणि लोकल गाडी

या पट्ट्यातील विद्यार्थी परिसराचे अंतर लोकलच्या वेळापत्रकावर मोजतो. बदलापूरहून नेरूळच्या अभिमत विद्यापीठात जायचे तर ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बर मार्ग धरावा लागतो. विलेपार्ल्याला जायचे तर दादरचा जिना चढावा लागतो. उलट दिशेला, बदलापूरच्या पुढे कर्जत तालुक्यात अलीकडच्या वर्षांत विजयभूमी आणि युनिव्हर्सल एआय अशी दोन खासगी विद्यापीठे झाली. रुळांच्या हिशेबाने ती या शहरांची शेजारी आहेत. परंतु निवासी शिक्षणाची कल्पना आणि लाखांत मोजले जाणारे शुल्क यांमुळे सकाळी वर्ग करून दुपारी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामावर जाणाऱ्या तरुणासाठी ती शेजारची राहत नाहीत.

त्याच्यासाठी जे उपलब्ध आहे ते स्थानिक महाविद्यालयांतील पदव्युत्तर वर्ग, सकाळचे विधी महाविद्यालय, मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण आणि परिसरातील विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालये. विद्यापीठाने ठाणे व कल्याण येथे उपपरिसर काढले आहेत, पण ते या गरजेच्या मानाने लहान आहेत. अनुदानित महाविद्यालयांतही 1999 नंतर व्यवस्थापन अभ्यास, माहिती तंत्रज्ञान, लेखा व वित्त यांसारखे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम आले आणि एकाच इमारतीत दोन शुल्कांचे, दोन प्रकारच्या अध्यापकांचे शिक्षण सुरू झाले. खासगी विद्यापीठावर टीका करताना हे घरातले खासगीकरण नजरेआड करणे योग्य नव्हे.

संलग्नतेची बाजूही निर्दोष नाही. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये पुरेशा तयारीविना उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी सुरू केली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढील प्रवेश हुकलेल्या विद्यार्थ्यांत या पट्ट्यातील महाविद्यालयांचेही विद्यार्थी होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. विद्यार्थ्यांचे गेलेले वर्ष परत येणारे नव्हते. परीक्षा वेळेवर होतात आणि निकाल वेळेवर लागतो, हा खासगी विद्यापीठाचा दावा अशा अनुभवानंतर पोकळ वाटत नाही. अभ्यासक्रम दर वर्षी बदलण्याची मुभा, उद्योगांतील अध्यापकांना बोलावण्याची सोय, हेही त्याचे खरे गुण आहेत. ते नाकारून केलेली टीका विद्यार्थ्याच्या उपयोगाची नाही.

शुल्कप्रतिपूर्तीचा प्रश्न

मुख्य मुद्दा वेगळाच आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक शिक्षण गरीब व मध्यम उत्पन्नाच्या घरांना झेपते ते शासनाच्या शुल्कप्रतिपूर्तीमुळे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना हे त्याचे प्रमुख उदाहरण. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत मिळाली. या योजना शासकीय, अनुदानित आणि कायम विनाअनुदानित महाविद्यालयांना लागू आहेत. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यांतून वगळली आहेत.

याचा परिणाम एका साध्या कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. बदलापूरच्या एका मुलीने प्रवेश परीक्षा देऊन केंद्रीभूत प्रक्रियेतून जवळच्या विनाअनुदानित महाविद्यालयात व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर तिचे शिक्षण शुल्क शासन भरते. तेच महाविद्यालय पुढे खासगी विद्यापीठाचा भाग झाले, तर इमारत तीच, अध्यापक तेच, बाकही तेच. पण तिच्यानंतर येणाऱ्या मुलीला संपूर्ण शुल्क स्वतः भरावे लागते. संस्थेला स्वायत्तता मिळते, त्याच क्षणी विद्यार्थिनीचा आधार जातो. संस्थेचे विद्यापीठ होणे ही सार्वत्रिक अभिनंदनाची गोष्ट मानली जाते. त्या समारंभात हा हिशेब कोणी मांडत नाही.

शासनाचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. जी संस्था स्वतःचे शुल्क ठरवू पाहते, तिच्या शुल्काची भरपाई सार्वजनिक निधीतून का करावी? परंतु या युक्तिवादात संस्थेला दिलेला दंड विद्यार्थ्याकडून वसूल होतो. आरक्षणाबाबतही अशीच पोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2005 मध्ये पी. ए. इनामदार प्रकरणात विनाअनुदानित संस्थांवर शासनाचे आरक्षण लादता येणार नाही असे ठरवले. संसदेने 93 वी घटनादुरुस्ती करून कलम 15(5) आणले. मात्र 2006 चा केंद्रीय आरक्षण कायदा केंद्रीय संस्थांपुरताच राहिला. घटनेने दार उघडले, पण हा केंद्रीय कायदा खासगी विद्यापीठांबाबत त्या दारातून आत गेला नाही.

शिरपूरचा प्रतिवाद

याच्या विरुद्ध शिरपूरचे उदाहरण दिले जाते. धुळे जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी मुंबईच्या अभिमत विद्यापीठाने अभियांत्रिकी, औषधनिर्माण व व्यवस्थापनाचा परिसर काढला आणि त्या भागाचे शैक्षणिक चित्र बदलले, यात शंका नाही. परंतु त्यामागे स्थानिक नेतृत्वाची गावाशी असलेली बांधिलकी आणि त्याच नेतृत्वाचे मुंबईतील संस्थेवरील नियंत्रण, असा दुर्मीळ योग होता. तो उल्हासनगर-बदलापूरसारख्या, जेथून रोज लाखो लोक कामासाठी बाहेर जातात अशा शहरांना लागू करता येत नाही. शिवाय शिरपूरचा परिसरही शुल्कप्रतिपूर्तीच्या त्याच वगळणुकीत मोडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 ने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे ठरवले आहे. म्हणजे 2035 च्या सुमारास या पट्ट्यातील प्रत्येक महाविद्यालयाला पदवी देणारी स्वायत्त संस्था व्हावे लागेल किंवा कोणत्या तरी विद्यापीठात सामील व्हावे लागेल. मनुष्यबळ व निधी मर्यादित असलेल्या संस्थांपुढे मोठ्या खासगी विद्यापीठाचा एक परिसर होणे हा सर्वांत सोपा मार्ग असेल. तोपर्यंत शुल्कप्रतिपूर्तीच्या शासन निर्णयांतील वगळणुकीचे कलम तसेच राहिले, तर अंबरनाथ आणि बदलापूरच्या कुटुंबांना त्याचा अर्थ कळेल तो विलीनीकरणानंतरच्या पहिल्या प्रवेशाच्या पावतीवर.