पुनरुक्ती आणि प्रत : 'रेड'विषयक मूळ निबंधाचे परीक्षण

कार्यालयातील वा विद्यापीठाच्या विभागातील निरनिराळी संगणककार्ये एकाच सर्व्हरवर दहाबारा व्हर्च्युअल मशीनच्या रूपाने चालविण्याचा प्रघात आता रुळला आहे. अशा सर्व्हरसाठी साठवणुकीची कोणती साधने घ्यावीत, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीसमितीच्या अखत्यारीतला. परंतु समितीपुढे येणारे टिपण ज्या शब्दांत लिहिलेले असते, त्या शब्दांनीच निर्णय पुष्कळसा ठरून गेलेला असतो. 'रेड', 'रिडंडंट', 'लेव्हल पाच' ही त्या टिपणांतील नित्याची पदे होत. ती ज्या निबंधातून रूढ झाली, त्याचे अर्थदृष्ट्या परीक्षण केल्यावाचून ती वापरणे कसे धोक्याचे आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तो निबंध म्हणजे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 1988 साली शिकागो येथील सिगमॉड परिषदेत मांडलेला 'अ केस फॉर रिडंडंट अ‍ॅरेज ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स' हा होय. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : प्रोसेसर आणि मेमरी झपाट्याने सुधारत असताना डिस्कचा वेग मागे पडत आहे, ही दरी मेनफ्रेमसाठी बनविलेल्या एका प्रचंड आणि महाग डिस्कने भरून निघणार नाही, वैयक्तिक संगणकांसाठी बनणाऱ्या पुष्कळ लहान डिस्क एकत्र जोडल्या, तर ती भरून निघेल. यावर उघड आक्षेप असा की, डिस्क वाढल्या म्हणजे बिघाडही वाढणार. निबंधकारांनी तो टाळला नाही. एका डिस्कचे सरासरी आयुष्य 30,000 तास धरले, तर 100 डिस्कांच्या समूहात पहिला बिघाड सरासरी 300 तासांत, म्हणजे दोन आठवडे पुरे होण्यापूर्वीच येतो, हा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला आणि त्यावर उतारा म्हणून पडताळ्याची माहिती ठेवणाऱ्या जादा डिस्कांची योजना सुचविली. आपल्या मताची दुबळी बाजू आधी सांगून मग तिचे निरसन करणे, हा या निबंधाचा सर्वांत मोठा गुण आहे.

संज्ञेचा विचार करता प्रथम लक्षात येते ते तिचे विरोधात्मक स्वरूप. निबंधात 'रेड'समोर 'स्लेड', म्हणजे एकच, मोठी, महाग डिस्क, हे पद उभे आहे. एक आणि अनेक, मोठी आणि लहान, महाग आणि स्वस्त, अशा तीन विरोधांवर ही जोडी तोलली आहे. भाषेत पदाचे मूल्य त्याच्या शेजारच्या पदांवरून ठरते, या सिद्धांताचे यापेक्षा नेटके उदाहरण सापडणे कठीण. पुढे मोठ्या महाग डिस्कचा काळ संपला, विरोधी पद नाहीसे झाले आणि 'स्वस्त' हे विशेषण निराधार झाले. तेव्हा व्यवहारात त्याच आद्याक्षराचे 'इंडिपेन्डंट', म्हणजे 'स्वतंत्र', हे विशेषण तेथे आले. हा बदल निरुपद्रवी नव्हता. त्याचा विचार पुढे येईल.

दुसरे पद 'रिडंडंट'. सामान्य इंग्रजीत त्याला 'अनावश्यक' ही छटा आहे, तर भाषाविज्ञानात आणि संदेशशास्त्रात हीच पुनरुक्ती संदेश वाचविणारी मानली जाते. आपल्या परंपरेलाही हा भेद ठाऊक होता. न्यायदर्शनाने 'पुनरुक्त' हे निग्रहस्थान मानले. परंतु 'अनुवाद', म्हणजे सप्रयोजन पुनर्कथन, त्यातून वगळले. 'माझी मोठी मुलगी आली' या मराठी वाक्यात स्त्रीलिंगाची खूण चार ठिकाणी आहे. गोंगाटात एक पद ऐकू आले नाही, तरी उरलेल्या तिहींवरून लिंग कळते. पडताळ्याची डिस्क हेच करते : समूहातील एक डिस्क गेली, तर उरलेल्यांवरून तिची माहिती पुन्हा सिद्ध होते.

पण आलेली व्यक्ती मुलगी नसून मुलगाच असेल, तर? वाक्यातील चारही खुणा एकमताने असत्य सांगतील. पुनरुक्ती ही वाक्याच्या आतली व्यवस्था असल्याने वाक्याचा ऱ्हास ती भरून काढते. वाक्याची चूक ती ओळखू शकत नाही. एखाद्याने चुकून फाइल पुसली, दुष्ट प्रोग्रामने सर्व माहिती कुलूपबंद केली, किंवा व्हर्च्युअल मशीनची संपूर्ण प्रतिमाच बिघडली, तर रेडमधील प्रत्येक डिस्क ती हानी निष्ठेने आणि तत्क्षणी नोंदविते. येथे उपयोगी पडते ती पुनरुक्ती नव्हे, प्रत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण झाली. तिच्या संपादकांना पाठनिर्णय करता आला, कारण हस्तलिखिते निरनिराळ्या प्रांतांत आणि निरनिराळ्या काळी उतरविलेली होती. सर्व पोथ्या एकाच दिवशी एकाच पोथीवरून उतरल्या असत्या, तर त्यांची संख्या कितीही असली तरी चिकित्सेला काही हाती लागले नसते. बॅकअप हे या अर्थाने 'प्रत' आहे : वेगळ्या स्थळी, वेगळ्या काळी. निबंधाचा विषय डिस्कचा बिघाड हा होता, मनुष्याची चूक हा नव्हता. तेव्हा हा दोष निबंधकारांचा नाही. 'रिडंडंट' या विशेषणाला 'सुरक्षित' असा अर्थ देणाऱ्या वाचकांचा तो आहे.

तिसरी बाब क्रमांकांची. निबंधात पाच रचना 'लेव्हल' या नावाने एकामागून एक येतात आणि प्रत्येक रचना आधीच्या रचनेची एखादी उणीव दूर करते. साहजिकच वाचकाला क्रमांक हा दर्जा वाटतो. येथे मात्र काही जबाबदारी निबंधकारांवर येते. वस्तुतः पहिली रचना म्हणजे तीच माहिती दोन डिस्कांवर लिहिणे आणि पाचवी म्हणजे पडताळा सर्व डिस्कांवर विखुरणे. या दोहोंत उच्चनीच भाव नसून कार्यभेद आहे. पाचव्या रचनेत एका लहान लेखनासाठी जुनी माहिती वाचणे, जुना पडताळा वाचणे, नवी माहिती लिहिणे आणि नवा पडताळा लिहिणे अशा चार क्रिया लागतात, हे निबंधातच सांगितले आहे.

व्हर्च्युअल मशीनच्या संदर्भात हे वाक्य निर्णायक ठरते. प्रत्येक मशीन आपल्या परीने ओळीने लिहीत असले, तरी बारा मशिनांचे लेखन एकत्र आले म्हणजे डिस्कला ते विस्कळीत आणि बारीकबारीक तुकड्यांतच दिसते. मिनिटाला 7200 फेरे घेणारी डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते. सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहण्यात सुमारे 4 मिलिसेकंद आणि शीर्ष हलविण्यात सुमारे 8 मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला साधारण 80 क्रिया होतात. अशा आठ डिस्कांच्या एकूण क्रिया 640. निव्वळ लहान लेखनच करायचे झाल्यास जोडीच्या रचनेत त्यांतून 320 लेखने निघतील, पाचव्या रचनेत केवळ 160. म्हणजे बारा मशिनांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला तेरा. उलट पाचवी रचना सात डिस्कांची जागा वापरू देते आणि जोडीची रचना चारच डिस्कांची. जागा हवी की क्रिया, असा हा प्रश्न आहे. टिपणात मात्र बहुधा 'टेराबाइट' एवढाच रकाना असतो. एसएसडीमुळे फेऱ्यांचा प्रश्न संपला, पण लेखनाची मर्यादित आयुर्मर्यादा आणि वीज गेली असता तात्पुरत्या मेमरीतील माहितीचे रक्षण हे दोन नवे प्रश्न आले. त्यांची उत्तरे किमतीच्या रकान्यात दिसत नाहीत.

आता 'स्वतंत्र' या विशेषणाकडे वळता येईल. बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतात आणि त्यांचा दर स्थिर असतो, हे 1988 च्या गणिताचे गृहीत होते आणि निबंधकारांनी ते गृहीत म्हणूनच नोंदविले होते. 2007 साली बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासून जे प्रसिद्ध केले, त्याने या गृहीताला धक्का दिला. उत्पादकांच्या पत्रकांवरील 10 ते 15 लाख तासांच्या आयुष्यावरून वर्षाला फार तर 0.88 टक्के बिघाड अपेक्षित होता. प्रत्यक्षात डिस्क बदलण्याचे वार्षिक प्रमाण पुष्कळदा 2 ते 4 टक्के आणि काही ठिकाणी 13 टक्क्यांपर्यंत आढळले. शिवाय हा दर स्थिर नव्हता आणि एका बदलामागून दुसरा येण्याचा संभव अधिक दिसला. एका खोक्यात, एका तापमानात, बहुधा एकाच खेपेत आलेल्या डिस्कांना 'स्वतंत्र' म्हणणे हे वर्णन नसून आशा आहे. ज्या गृहीताने गणितात नम्रपणे जागा घेतली होती, ते पुढे नावातच जाऊन बसले. मूळ निबंधकारांपैकीच एकाने एकोणीस वर्षांनी त्याची तपासणी करावी, ही विद्याव्यवहारातील गौरवाची गोष्ट होय.

काळाच्या ओघात आणखी एक प्रमाण पालटले. 100 मेगाबाइटची डिस्क सेकंदाला एक मेगाबाइट या वेगाने 100 सेकंदांत पुन्हा भरता येते. आजची 20 टेराबाइटची डिस्क सेकंदाला 200 मेगाबाइटने भरली, तरी सुमारे 28 तास लागतात. तेवढा वेळ एकाच पडताळ्याचा समूह उघडा असतो. म्हणून मोठ्या डिस्कांना दुहेरी पडताळा हवा.

या सर्वांवर पडदा टाकते ते 'आभासी' हे मराठी प्रतिपद. 'हेत्वाभास', 'रसाभास' या शब्दांत आभास म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे पण खरे नसलेले. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी 1974 साली व्हर्च्युअल मशीनची जी व्याख्या केली, तीत मात्र वर्तनाची समानता, साधनांवरील ताबा आणि कार्यक्षमता या अटी आहेत. म्हणजे ते फलतः यंत्रच आहे. 'आभासी' म्हटले की त्याचा भारही आभासी वाटू लागतो. मशिनांची सीमा मानलेली असते; त्यांचे लेखन, त्यांची मेमरी आणि त्यांचा नाश ही तिन्ही खरी असतात.

तेव्हा टिपण लिहिणाऱ्याने रचनेचा क्रमांक नमूद करण्यापूर्वी चालू मशिनांच्या लेखनक्रिया आणि मेमरीची गरज मोजलेली असावी. चालत्या मशिनांसाठी वीज गेल्यावरही माहिती राखणाऱ्या एसएसडीच्या जोड्या, आणि संग्रहासाठी दुहेरी पडताळ्याच्या मोठ्या डिस्क, ही विभागणी बहुतेक विभागांना मानवते. एकाच बलाढ्य सर्व्हरऐवजी दोन मध्यम सर्व्हर घेणे अनेकदा शहाणपणाचे असते. आणि रेडच्या खर्चात बॅकअपचा खर्च मिळवू नये. त्याला स्वतंत्र रकाना, स्वतंत्र यंत्र आणि स्वतंत्र इमारत असावी. ती प्रत वर्षातून निदान दोनदा उघडून तीवरून एखादे मशीन प्रत्यक्ष उभे करून पाहावे. कोणी कधी वाचून न पाहिलेल्या पोथीला भांडारात जागा असते, प्रामाण्य नसते.