एक बहुरूपी, तीनशे सोंगं

राउटर, सेटटॉप बॉक्स अशा लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांत 'बिझीबॉक्स' नावाचा प्रोग्राम असतो. त्याला 'स्विस आर्मी नाइफ' म्हणतात. मला ही उपमा पटत नाही. त्या चाकूची पाती वेगवेगळी असतात, फक्त एका मुठीत दुमडलेली. बिझीबॉक्स हा बहुरूपी आहे. अंग एकच, हाक माराल ते सोंग. 'एलएस' म्हटलं की ही फाइल यादी दाखवते, 'सीपी' म्हटलं की नक्कल काढते. अशी तीनशेहून जास्त कामं ती साधारण एका एमबीत करते, कारण सगळ्या सोंगांना लागणारा कोड एकदाच लिहिलेला आहे.

ही काटकसर गरजेतून आली. १९९०च्या दशकाच्या मध्यात ब्रूस पेरेन्स यांना डेबियन लिनक्सची चालू होणारी प्रणाली एका फ्लॉपीत, म्हणजे १.४४ एमबीत, बसवायची होती. क्वचित लागणारे पर्याय छाटले, गाभा ठेवला. रचना म्हणून ती आजही देखणी वाटते.

पण तिचं खरं मोल परवान्यात आहे. जीपीएल सांगतो: हा प्रोग्राम घालून यंत्र विकलंत, तर त्याचा सोर्स कोड ग्राहकाला द्या. याच परवान्यामुळे २००३ साली लिंक्सिसला एका राउटरचा कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं आणि कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी राउटर पुन्हा कामाला लागले.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये मात्र २०१५पासून दुसरा बहुरूपी आहे: टॉयबॉक्स. तो लिहिणारे रॉब लँडली पूर्वी बिझीबॉक्सच सांभाळायचे. टॉयबॉक्सचा कोड खुला आहे, पण फोन कंपनीने त्यात केलेले बदल दाखवायची सक्ती परवान्यात नाही. जीपीएल मोडणाऱ्या कंपन्यांवर २००७पासून खटले झाले. त्यांतून बिझीबॉक्सला उपयोगी कोड मिळाला नाही, असं लँडली म्हणतात.

हा हिशेब प्रोग्रामरच्या बाजूने बरोबर आहे. त्यात ग्राहकच मोजलेला नाही. गडचांदूरमध्ये हप्त्यावर घेतलेल्या फोनचे अपडेट थांबले, की कंपनीचा सल्ला एकच: नवा घ्या. तो फोन आणखी चार वर्षं चालवायचा, तर कुणाला तरी त्याच्या आतलं वाचता यायला हवं. फोनचं लिनक्स कर्नल अजून जीपीएलखाली आहे, म्हणून निदान तेवढं मागता येतं. टॉयबॉक्सने जागा वाचवली, पण मागण्याचा हा हक्क सोडून दिला.