'तोफा की लोणी' : एका गृहीतकाची चिकित्सा

संरक्षणखर्च आणि समाजकल्याण यांतील निवड समजावून देताना अर्थशास्त्राच्या वर्गात 'तोफा की लोणी' हे उदाहरण हमखास येते. पॉल सॅम्युएलसन यांच्या 1948 च्या पाठ्यपुस्तकामुळे ते सर्वत्र रूढ झाले. पुढे 16 एप्रिल 1953 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आपल्या भाषणात एका अवजड बॉम्बफेकी विमानाच्या किमतीत तीसहून अधिक शहरांत एकेक शाळा उभी राहील असा हिशेब मांडला आणि या उदाहरणाला नैतिक धार आली. तेव्हापासून अशा तुलनांची प्रथाच पडली आहे. भारताच्या 2025-26 च्या मूळ अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे 6.81 लाख कोटी रुपये, तर राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीसाठी 86,000 कोटी रुपये होते, असे म्हटले की वाद संपला असे अनेकांना वाटते. आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष तपासण्याची गरज आहे.

या तुलनेमागचे पहिले गृहीतक असे की खर्च करणारी तिजोरी एकच आहे. भारतीय संघराज्यात ती एक नाही. संरक्षण हा संघसूचीतील विषय आहे, तर सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे. शिक्षणही 1976 च्या घटनादुरुस्तीपर्यंत राज्यसूचीतच होते. म्हणजे तोफा दिल्लीत खरेदी होतात आणि लोण्याचा मोठा भाग मुंबई, पाटणा किंवा भुवनेश्वर येथे ठरतो. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याचे उत्तम उदाहरण आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव परिसरात प्रयोगरूपाने सुरू झालेली ही योजना 1972-73 च्या दुष्काळात राज्यभर विस्तारली. बांगलादेश युद्ध होऊन तेव्हा वर्षही लोटले नव्हते. ती टिकवण्यासाठी राज्याने संरक्षणखर्च कमी होण्याची वाट पाहिली नाही. 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला आणि त्यातून येणाऱ्या रकमेत स्वतःची भर घातली. प्राध्यापकांच्या वेतनपत्रकातून आजही कापला जाणारा कर तो हाच, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. युद्धानंतरच्या दशकात कल्याणाचा एवढा मोठा हक्क निर्माण होऊ शकला, याचा उलगडा वर्गातील वक्रावरून होत नाही.

याचा अर्थ विनिमय घडतच नाही असा नव्हे. तो केंद्र आणि राज्य यांच्यामधील वाटपात घडतो व म्हणूनच सहसा दिसत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या कार्यकक्षेत 2019 मध्ये संरक्षण व अंतर्गत सुरक्षेसाठी स्वतंत्र निधीचा प्रश्न समाविष्ट करण्यात आला. 1 फेब्रुवारी 2021 रोजी संसदेत मांडलेल्या अहवालात आयोगाने 2021-26 या काळासाठी सुमारे 2.38 लाख कोटी रुपयांच्या आधुनिकीकरण निधीची शिफारस केली. त्यासाठी केंद्राला वाव मिळावा म्हणून राज्यांना द्यावयाच्या अनुदानांचे प्रमाण, केंद्राच्या एकूण महसुली प्राप्तीच्या एक टक्क्याइतके, कमी धरले. येथे तोफांसाठीची सोय लोण्याच्या वाट्यातून उघडपणे काढलेली दिसते. तरीही संरक्षणखर्चावरील लोकप्रिय टीकेत या परिच्छेदाचा उल्लेख क्वचितच होतो. विमानाच्या किमतीत शाळा मोजणे सोपे असते, वित्त आयोगाचा अहवाल वाचणे कंटाळवाणे.

दुसरे गृहीतक असे की युद्धाचा भार कल्याणाच्या खात्यावरच पडतो. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर मोरारजी देसाई यांनी मांडलेल्या 1963-64 च्या अंदाजपत्रकात संरक्षणाची तरतूद 867 कोटी रुपयांवर, म्हणजे आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून वर गेली. त्याच जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले आणि 14 कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी झाली. परकीय चलन व तस्करी ही त्यामागील प्रमुख कारणे होती, पण निर्णयाची घाई युद्धकाळाची होती. त्यात गावोगावच्या सोनारांचा धंदा बसला. या कारागिरांचे अंदाजपत्रकात कोणतेही खाते नव्हते, त्यामुळे त्यांच्या नुकसानीची नोंद 'कल्याणातील कपात' म्हणून कोठेही झाली नाही. 1966-69 मधील पंचवार्षिक योजनांचा खंडही केवळ संरक्षणखर्चाच्या माथी मारता येत नाही. दोन युद्धांबरोबर 1965 व 1966 ची अवर्षणे, परकीय मदतीतील व्यत्यय आणि जून 1966 चे अवमूल्यन ही सर्व कारणे त्यात गुंतलेली आहेत.

उलट दिशेचा पुरावाही गृहीतकाला प्रतिकूल आहे. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांहून अधिक होता. 2025-26 च्या अंदाजपत्रकात तो दोन टक्क्यांच्या आसपास आला. मोकळा झालेला हा हिस्सा आरोग्याकडे वळला असता, तर 2025 पर्यंत सार्वजनिक आरोग्यावर अडीच टक्के खर्चाचे 2017 च्या आरोग्य धोरणातील उद्दिष्ट दूर राहिले नसते. तोफा घटल्या म्हणून लोणी वाढत नाही. ते वाढवण्यासाठी स्वतंत्र राजकीय दबाव लागतो, आणि तो रोजगार हमीच्या वेळी होता. एमिल बेन्वा यांनी 1973 मध्ये 44 विकसनशील देशांच्या अभ्यासातून संरक्षणखर्च व आर्थिक वाढ एकत्र जातात असे दाखवले, त्याचा आधार घेऊन विरुद्ध टोक गाठण्याचेही कारण नाही. परकीय मदतीचा ओघ ज्यांना लाभला त्यांची वाढही झाली व शस्त्रेही वाढली, ही शंका पुढील टीकाकारांनी रास्तपणे उपस्थित केली आहे.

शेवटी 'तोफा' या शब्दाखाली नेमके काय मोडते हेही पाहिले पाहिजे. 2025-26 च्या संरक्षण तरतुदीत सुमारे 1.61 लाख कोटी रुपये निवृत्तिवेतनाचे होते, म्हणजे जवळपास एक चतुर्थांश. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) यांसारख्या गावांत हे निवृत्तिवेतन म्हणजेच म्हातारपणाची तजवीज आणि नातवंडांच्या शिक्षणाचा आधार. 2022 च्या अग्निपथ योजनेने चार वर्षांची सेवा आणली, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवानांना कायम करण्याची तरतूद केली आणि बाकीच्यांना निवृत्तिवेतनाऐवजी सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवा निधी देऊ केला. सामग्रीसाठी पैसा सुटावा म्हणून माणसांवरील खर्च आटोक्यात आणण्याचा हा मार्ग आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य मानल्यास तोफा आणि लोणी यांतील झगडा संरक्षण मंत्रालयाच्या बाहेर नसून आतच चालू आहे, आणि त्यात हरणाऱ्या बाजूला जिरायती शेतीवर भागत नाही म्हणून फौजेत जाणारी घरे आहेत.