मोर्णेची सफाई आणि सत्तेची विचारसरणी

पर्यावरणाला जात नसते, असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. मी अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी वाढलो. मला हे विधान तपासून घ्यावे लागते.

१३ जानेवारी २०१८ रोजी 'स्वच्छ मोर्णा' मोहीम सुरू झाली. प्रशासनाने हाक दिली आणि सहा हजारांवर नागरिक नदीवर आले. २८ जानेवारीला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या मोहिमेचा गौरव केला. मीही विद्यार्थ्यांना घेऊन जलकुंभी ओढायला गेलो होतो. त्या दिवसाचा उत्साह खोटा नव्हता. परंतु जलकुंभी हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे. ती सांडपाण्यावर पोसते. नाल्यांची तोंडे नदीत उघडी असतील तर ती पुन्हा वाढणारच. शहर पाणी काटेपूर्णेचे पिते आणि घाण मोर्णेला देते. ती घाण पुढे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जाते. तिथल्या विहिरी आधीच खाऱ्या आहेत.

मग राज्यकर्त्यांनी नालीचा प्रश्न सोडून झाडू का उचलला? याचे उत्तर विचारसरणीत आहे. २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह गांधींचा चष्मा आहे. सफाईला पवित्र सेवा मानणाऱ्या गांधीविचारावर बाबासाहेबांनी १९४५ सालीच कठोर टीका केली होती. सफाई हे पुण्य ठरले की घाण हा नागरिकाचा वैयक्तिक दोष ठरतो. अंदाजपत्रक, मलशुद्धीकरण, कायद्याची अंमलबजावणी या गोष्टी पडद्याआड जातात. माझे वडील रोजंदारीवर नाल्या उपसत. त्यांच्या कामाला कुणी श्रमदान म्हटले नाही. एक दिवस नदीवर येणारा गौरवास पात्र ठरतो आणि वर्षभर घाणीत उभा राहणारा अस्पृश्य राहतो, ही कसली स्वच्छता?

हा दोष एकाच पक्षाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. १९७२ साली स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि पर्यावरण यांचा संबंध जगासमोर मांडला. १९७४ साली जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा झाला. महाराष्ट्राने तर असा कायदा १९६९ सालीच केला होता. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने पर्यावरणरक्षण घटनेत आले. पण त्याच १९७६ साली, आणीबाणीत, दिल्लीच्या तुर्कमान गेटला शहर सुंदर करण्याच्या नावाखाली गरिबांची घरे पाडली गेली. घटनेत शब्द आला आणि गरिबांवर बुलडोझर आला. नेतृत्वाला लोक सहभागी म्हणून हवे आहेत की अडथळा वाटतात, यावर धोरणाचा अर्थ ठरतो.

याहून वेगळी दृष्टी आपल्या परंपरेत आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरील समान हक्क मांडला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर नदीचा विचार संपूर्ण खोरे डोळ्यांसमोर ठेवून केला. पूर, सिंचन आणि वीज यांची एकत्र जबाबदारी शासनावर टाकली. अर्थात पुढे दामोदरच्या धरणांनी आदिवासींना विस्थापित केले, हेही आपण लपवू नये. महाडचा हक्क आणि दामोदरचे नियोजन एकमेकांपासून तुटले की असेच होते.

आपल्या चळवळीलाही प्रश्न विचारला पाहिजे. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या सत्याग्रहाने भूमिहीनांसाठी जमीन मागितली. नदी मात्र आपण पांढरपेशांचा विषय समजून सोडून दिली. वास्तविक तिच्या काठी, पुराच्या पट्ट्यात, आपल्याच वस्त्या आहेत.

उद्या मोहीम निघाली तर मी विद्यार्थ्यांना पुन्हा नेईन. पण त्याआधी त्यांना मोर्णेत उतरणाऱ्या नाल्या मोजायला लावीन, आणि महापालिकेचे अंदाजपत्रक वाचायला देईन.