पाणी केव्हा चढते?

ताटलीत पाणी घ्यायचे, मधोमध मेणबत्ती पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते. प्राणवायू जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली; पाणी पाचव्या हिश्शाइतके चढले, म्हणून हवेत प्राणवायू एकपंचमांश. हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या वर्गांतून होत आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे आणि असा एखादा प्रयोग करून दाखवला की ते काम झाले, अशी समजूत दिसते. आमची तक्रार प्रयोगाबद्दल नाही. तो उत्तमच आहे. तक्रार आहे ती त्याखाली लिहिल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल.

कारण मुलांचे डोळे वेगळे सांगतात. ज्योत जळत असताना पाणी फारसे हलत नाही. ती विझू लागली की भराभर चढते. प्राणवायू संपल्यामुळे पाणी चढत असेल, तर ते आधीपासून हळूहळू चढायला हवे. पेला ठेवताना कधी कधी कडेने बुडबुडे निघतात, ते कशाचे? आणि एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, तर त्याच पेल्यात पाणी अधिक चढते. प्राणवायू तर तेवढाच!

ज्योतीने हवा तापते, प्रसरण पावते व थोडी बाहेर निघून जाते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मुख्य कारण हे. प्राणवायू वापरला जातो खरा. पण मेण जळताना दर तीन घनमाप प्राणवायूमागे सुमारे दोन घनमाप कार्बन डायॉक्साइड तयार होतो, आणि तो पाण्यात सावकाश विरघळतो. शिवाय ज्योत सगळा प्राणवायू संपवतच नाही. त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांवर आले की ती विझते. तेव्हा एकपंचमांशाचा मेळ हा निव्वळ योगायोग. तो जमला नाही तर वहीतला आकडा जमवला जातो, हे सांगायला नकोच.

“सर, पाणी तर नंतर चढलं,” असे एखादी मुलगी म्हणते. तिला “पुस्तकात काय दिलंय ते लिही” असे उत्तर मिळाले, तर तिने अनुभवातून नेमके काय शिकावे? पाहिलेले खोटे आणि छापलेले खरे, एवढेच. त्यापेक्षा प्रयोग न केलेला बरा.

मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हा धोका ओळखला होता. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांत प्रश्न असत, तयार निष्कर्ष नसत. मुले गटागटाने प्रयोग करून नोंदी ठेवत. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती आणि प्रयोगही करावा लागे. शिक्षकांची प्रशिक्षणे व मासिक बैठका हा त्याचा कणा होता. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. साहित्य स्वस्तात मिळते. ‘मलाही ठाऊक नाही, पाहू या’ असे वर्गात म्हणण्याची मोकळीक शिक्षकाला मिळणे दुर्मीळ. साठ मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास असताना दोष एकट्या शिक्षकाचा कसा म्हणावा?

प्राणवायूचे प्रमाणच मोजायचे असेल, तर ओल्या परीक्षानळीत लोखंडाचा कीस चिकटवून ती पाण्यात उपडी ठेवावी. (स्टेनलेस स्टीलची घासणी चालणार नाही, ती सहजी गंजत नाही.) लोखंड सावकाश गंजते, हवा तापत नाही, नवा वायूही तयार होत नाही. काही दिवसांत पाणी एकपंचमांशाच्या आसपास चढून थांबते. ही नळी खिडकीत ठेवावी, शेजारी मेणबत्तीचा प्रयोग पुन्हा करावा आणि पाण्याची उंची किती व केव्हा वाढली हे मुलांना पट्टीने मोजून लिहू द्यावे. फळ्यावर निष्कर्ष लिहू नये, निदान त्या आठवड्यात तरी.